आठ कोरे चौकोन

त्या रेकॉर्डचा मला अजूनही राग येतो. ती बिचारी काळी, गोल, मुकी वस्तू. तिनं माझं काय घोडं मारलं होतं? पण राग कुणावर तरी काढावा लागतो, आणि ज्यांच्यावर काढायला हवा होता ते सगळे मोठे गोड बोलणारे लोक होते.

ती मी ऐकली वाशीमला, इंग्रजी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांच्या घरी. सत्तरनंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती. मी तेव्हा आमच्याच गावात, किन्हीराजाला, प्राथमिक शाळेवर मास्तर होतो आणि क्लॅरोनेट वाजवायचो. मास्तरकीचं शिक्षण घेताना अकोल्यात एका बँड पार्टीच्या खोलीशेजारी राहत होतो. तिथल्या म्हाताऱ्या वादकानं मला फुंकायला शिकवलं आणि निघताना आपलं एक जुनं वाद्य हातात दिलं. त्याची एक चावी दोऱ्यानं बांधलेली होती. प्राध्यापकांना, म्हणजे आमच्या सरांना, हे कुणाकडून तरी कळलं, आणि रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत चार-पाच वकील-डॉक्टरांच्या शेवटी माझीही खुर्ची पडू लागली. खुर्ची द्यायचे, हे कबूल करतो.

रेकॉर्ड सरांच्या भावानं परदेशातून पाठवली होती. वेष्टनावर काळ्या कोटातल्या तिघांचा फोटो. एकाच्या हातात क्लॅरोनेट, एक पियानोवर, आणि तिसरा भलंमोठं व्हायोलिन दोन गुडघ्यांत उभं धरून बसलेला. त्याला चेलो म्हणतात, असं सर म्हणाले. मागचा मजकूर वाचून त्यांनी आम्हाला समजावलं, की यातलं अर्धं संगीत आधुनिक पद्धतीनं कागदावर लिहिलेलं आहे आणि उरलेलं अर्धं जॅझसारखं, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल ते. कुठलं लिहिलेलं आणि कुठलं सुचलेलं हे ऐकणाऱ्याला कळू नये, यातच त्याची गंमत आहे.

पहिल्या बाजूला डॉक्टरांनी दोनदा जांभई दिली. मला मात्र घाम फुटला होता. माझंच वाद्य, पण ते नवरदेवापुढे नाचत नव्हतं की मुलीच्या पाठवणीत रडत नव्हतं. ते बोलत होतं, मध्येच गप्प बसत होतं, आणि गप्प बसल्याबद्दल त्याला कुणी रागावत नव्हतं. दुसऱ्या बाजूला एका जागी पियानो थांबला, क्लॅरोनेटनं एकच सूर धरून ठेवला, आणि चेलोवाल्यानं गज बाजूला ठेवून लाकडावर बोटांनी ठोके द्यायला सुरुवात केली. ते ठोके मी लहानपणापासून ओळखत होतो.

“सर, हे तर आमचं डफडं!” मी म्हणालो.

सगळे हसले. सरही हसले, पण हळू, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अहो, ही आधुनिक रचना आहे. हिचा आणि वाजंत्र्यांचा काय संबंध?”

वाजंत्री हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. माझे वडील गावाचे वाजंत्रीच होते. पोळ्याला बैलांपुढे, लग्नात वरातीपुढे डफडं वाजवायचं, हे आमच्या घराकडे पिढ्यान्पिढ्या आलेलं गावकीचं काम. ते नाकारायची सोय नव्हती. आणि त्याला एक नियम होता. वाजवणाऱ्यानं आपल्या मनानं थांबायचं नाही. ज्याच्या दारचं कार्य, त्यानं हात वर केला की थांबायचं. तोवर खांदे गळून पडले तरी चालू ठेवायचं. हात वर करायला विसरलेल्या यजमानासाठी बाबा एकदा दुपारभर वाजवत उभे राहिले होते, असं आई सांगायची. छप्पन साली आमच्या लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला त्या आठवड्यात बाबांनी डफड्याचं कातडं विळ्यानं फाडलं आणि उरलेलं लोखंडी कडं अंगणात भिरकावलं. आईनं ते उचलून माठाखाली ठेवलं, माठ डगमगू नये म्हणून. त्या माठाचं पाणी पिऊन मी मास्तर झालो.

तेव्हा ‘काय संबंध’ हे शब्द घेऊन मी बसमध्ये बसलो आणि घरी पोचेपर्यंत धुमसत राहिलो. सरांनी ते वाईट मनानं विचारलं असतं तर मी कदाचित सोडूनही दिलं असतं. त्यांनी ते समजूत घातल्यासारखं विचारलं, हे मला जास्त झोंबलं. संबंध काय ते दाखवूनच देतो, असं मी ठरवलं. त्या तिघांसारखे आम्ही तिघं. क्लॅरोनेट माझं. पियानोऐवजी पेटी, ती वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावातल्या एका मुसलमान टेलरमास्टरांची; ते भजनालाही साथ करायचे आणि कव्वालीलाही. चेलोच्या जागी डफडं. आणि डफडं वाजवणारा माझ्या ओळखीचा एकच माणूस होता.

बाबांना विचारलं तेव्हा ते शेतातून येऊन पाय धूत होते.

“आमी फेकलं ते तू उचलून राह्यला,” ते म्हणाले. “आधी ते पिपानी आनली घरात. आता डफडं. उद्या पोयाले नाचवशीन मले.”

त्यांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. मीही टाकलं. दोघंही एकाच मातीचे, वाकणार कोण?

मग त्यांचे डोळे दाखवायला मी त्यांना वाशीमला नेलं, आणि दवाखान्यातून परस्पर सरांच्या घरी. रेकॉर्ड लावा म्हणालो. सरांनी बाबांनाही खुर्ची दिली. बाबा काठावर टेकले आणि फिरत्या तबकडीकडे टक लावून बसले. ठोक्यांची जागा आली तशी त्यांची बोटं मांडीवर हलली. त्यांना ते कळलं नसावं, मला कळलं. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“याइले थांबा म्हनते कोन?”

सरांना प्रश्न समजला नाही. मी म्हणालो, “कोनीच नाही, बाबा. त्याइचे ते थांबतेत.”

 गावात उतरल्यावर घराकडे चालता चालता बाबा म्हणाले, “कडं काढ माठाखालचं.”

“मंग माठ कायवर ठेवू? तुमच्या डोक्यावर?” आईनं विचारलं, आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही पाणी दिलं नाही. पण कडं मालेगावला गेलं आणि त्यावर नवं कातडं चढलं.

अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर ते शेकून बाबांनी पहिला हात मारला. दहा मिनिटंही झाली नसतील, दारात पाटलाचा गडी हजर.

“आवाज आला म्हनून पाटलानं धाडलं. पोयाले या मंग. बरं झालं, सुरू केलं तुमी परत.”

“आमी पोळ्यासाठी नाही वाजवत!” मी ओरडलो.

“मंग कायले वाजवून राह्यले?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. डफडं वाजलं म्हणजे कुणाच्या तरी दारात वाजणार, एवढंच त्याला ठाऊक. मी त्याला चेलो समजावून सांगणार होतो काय? मी दार लावून घेतलं. बाबांनी डफडं पोत्यात गुंडाळलं, आणि पुढचे चार महिने आमची तालीम दर रविवारी टेलरमास्टरांच्या दुकानामागे, चिंध्यांच्या ढिगाऱ्याशेजारी झाली.

रचना मी लिहिली. मला परदेशी लिपी येत नव्हती आणि बाबांना कुठलीच येत नव्हती. म्हणून शाळेच्या चौकटीच्या वहीत खुणा केल्या. डफडं वाजेल तिथे चौकोनात गोल, थांबेल तिथे चौकोन कोरा. मधली काही पानं पूर्ण मोकळी, तिथे ज्याला जे सुचेल ते.

“गुरुजी, इसमें गाना किधर है?” टेलरमास्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या खेपेपासून विचारायचं सोडून दिलं आणि पाय मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा हलवत असे सूर काढू लागले, की मीच वाजवायचं विसरायचो.

मोकळ्या पानांवर बाबांना तोड नव्हती. सोळा-सतरा वर्षं हातात डफड्याची काडी न धरलेला माणूस, पण दर रविवारी नवीन काहीतरी. अडायचं ते कोऱ्या चौकोनांशी. रचनेच्या मध्यावर एका ओळीत आठ कोरे चौकोन होते. तिथे पेटी थांबणार, डफडं थांबणार, क्लॅरोनेटही थांबणार. आठ मात्रा कुणीच काही नाही. मग नवव्याला डफड्यानं एकट्यानं उचलायचं. सगळी रचना त्या जागेसाठी होती. आणि बाबा थांबायचेच नाहीत.

“थांबा ना, बाबा!”

“थांबू कसा? हात कुठी हाये?”

“हात नाही. तुमचे तुमी मोजा आन् थांबा.”

“तू हात वर कर ना, बापा. एवढं काय हाये त्याच्यात? तू हात केला की मी थांबतो.”

“मी नाही करनार हात!” मी वही भिंतीवर फेकली. “जलमभर हात पाहूनच थांबले ना? आता तरी आपल्या मनानं थांबा!”

पन्नाशीपुढच्या, नातवंडांची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाला त्याच्या मुलानं परक्यासमोर असं बोलायचं नसतं. टेलरमास्टर कात्री उचलून आत निघून गेले. बाबांनी वही उचलली, झटकली, माझ्यापुढे ठेवली. “पुन्ना सांग,” एवढंच म्हणाले. त्या वेळच्या मला आज एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी त्यांनी त्यांची युक्ती काढली. पायाची बोटं एकेक करून जमिनीवर दाबायची. एका पायाची पाच, दुसऱ्याची तीन, झाले आठ. आणि एका रविवारी ते थांबले. आम्ही तिघंही थांबलो. मागच्या गल्लीत कुणीतरी बादली ठेवली तेवढा आवाज झाला. नवव्याला बाबांनी असा ठोका टाकला, की टेलरमास्टर “वाह!” ओरडले, आणि बाबा हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

सर स्वतः मालेगावला येऊन ऐकून गेले. खरं सांगायचं तर त्यांना ते मनापासून आवडलं.  संपल्यावर म्हणाले, “माझं चुकलं होतं. आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक समारंभात तुम्ही वाजवायचं.” आणि आमची तिघांची नावं त्यांनी डायरीत लिहून घेतली. म्हणून तर मी त्यांना माफ करत नाही. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर रागावून काय उपयोग? यांना कळलं होतं.

टेलरमास्टरांनी उत्साहानं एकाच ताग्यातून तिघांसाठी पांढरे सदरे शिवले, खिशावर निळी पट्टी घालून. रेकॉर्डवरच्या तिघांचे कोट एकसारखे, मग आपले सदरे का नकोत? हा विचार माझाच. किती मूर्ख विचार, ते समारंभाच्या सकाळी दहा वाजता वाशीमच्या ज्या शाळेच्या सभागृहात तो होणार होता तिच्या फाटकाशी कळलं.

मंडळाचे कार्यवाह वकील होते, सरांच्या बैठकीतलेच. फाटकाच्या आत, सभागृहाच्या दाराबाहेर, जिथे लोक चपला काढतात तिथे एक तरट अंथरलेलं होतं. आमचे एकसारखे सदरे आणि बाबांच्या काखेतलं डफडं पाहून त्यांचा चेहरा उजळला. “आले का वाजंत्री? बसा, इथेच बसा. पाहुणे फाटकातून आले की सुरू करायचं. सगळे आत गेले की मी हात करतो, मग थांबायचं.”

मी हात करतो, म्हणाले.

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तडक आत गेलो. सर व्यासपीठावर समईची वात सारखी करत होते. मला पाहून खाली उतरले आणि एका कोपऱ्यात घेऊन गेले.

“समजून घ्या,” ते म्हणाले. “डफडं व्यासपीठावर, यावर मंडळात मतभेद झाले. काहींचं म्हणणं पडलं, की दारात शोभेल. मी भांडलो तुमच्यासाठी. आधी दारात थोडं वाजवा, मग वेळ उरला तर आत घेऊ.”

“वेळ उरला तर?”

“आवाज चढवू नका. लोक आलेत.”

“सर, तुम्ही हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही आला नसतात,” ते म्हणाले. इतकं खरं ते त्या दिवशी एकदाच बोलले.

तेवढ्यात बाहेर डफडं वाजायला लागलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवरचा, वकिलावरचा सगळा राग एका क्षणात बाबांकडे वळला. पाहुणे दिसले आणि लागले वाजवायला! जन्माची सवय! त्यांना तिथून ओढूनच नेतो, अशा तयारीनं मी बाहेर धावलो, आणि दारातच थबकलो. बाबा स्वागताचं वाजवत नव्हते. ते आमची रचना वाजवत होते, पहिल्या पानापासून, एकेक गोल आणि एकेक कोरा चौकोन. तरटावर बसले नव्हते, उभे होते. शेजारी टेलरमास्टर पेटी तरटावर टेकवून, डोळे मिटून, आपल्या जागी शिरले होते. पाहुणे हारतुऱ्यांसकट फाटकात खोळंबले होते. याच्या तालावर चालायचं कसं, ते कुणालाच कळेना.

मी क्लॅरोनेट काढलं. पहिला सूर चिरकला. पण मी रचनेत शिरलो. दोऱ्याच्या चावीसकट असं मी त्याआधी वाजवलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. पान उलटलं, मोकळी जागा आली, बाबांना जे सुचलं ते रेकॉर्डवरच्या चेलोवाल्याला सुचलं नसतं. तो तिथे असता तर त्याला ते ऐकू आलं असतं. तिथे होते वकील.

मग आठ कोरे चौकोन आले, आणि आम्ही तिघंही थांबलो.

चपलांच्या ढिगाशेजारी शांतता पसरली. मी बाबांच्या पायांकडे पाहत होतो. एका पायाची पाच बोटं एकेक करून दबली, मग दुसऱ्याची तीन. आठ झाले. नववा बाबांचा.

बाबांनी ठोका दिला नाही.

मला वाटलं विसरले. टेलरमास्टरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बाबा समोर बघत उभे होते, दोन्ही काड्या खाली. वकील दारातून पुढे आले.

“का थांबलात? मी हात कुठे केला? पाहुणे अजून यायचेत. वाजवा!”

“मोजून राह्यलो,” बाबा म्हणाले.

“काय मोजताय?”

“तुमी जा आत. मोजनं झालं की सांगतो.”

वकिलांनी सरांना हाक मारली. सर दारापर्यंत आले, आमच्याकडे पाहिलं आणि परत आत गेले. पाहुणे आपापल्या पायांनी, काही वाजत नसताना, आमच्या समोरून आत गेले. बाबांनी शेवटचा पाहुणा जाईपर्यंत जागा सोडली नाही. मग डफडं काखेत घेतलं आणि फाटकाकडे चालायला लागले.

काही दिवसांनी सरांनी ती रेकॉर्ड एका विद्यार्थ्याबरोबर माझ्या शाळेत पाठवली, सोबत चिठ्ठी. मी चिठ्ठी न वाचता दोन्ही परत पाठवली. याचा आता पस्तावा होतो. चिठ्ठीचा नाही, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचा. ते ठोके मला हल्ली धड आठवत नाहीत, बाबांचेच आठवतात. आमचं त्रिकूट त्या दिवशीच संपलं. कडं पुन्हा माठाखाली गेलं. त्या आठ चौकोनांपुढची रचना कुणीच कधी ऐकली नाही, आणि मी कितीही ओरडलो तरी आता ऐकणारही नाही.

पण माझा सगळ्यात मोठा राग वाशीमच्या लोकांवर नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, दात आवळून, मनातल्या मनात सरांशी भांडत. मालेगाव आलं, टेलरमास्टर पेटी घेऊन उतरले. बस सुटल्यावर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बराबर थांबलो ना, गुरुजी?” त्यांनी विचारलं.

त्यांनी मला गुरुजी म्हटलं ते त्या एकदाच. मी रागात होतो. मी उत्तर दिलं नाही.